पाण्याखालचे मालवण

वर्ध्याच्या माणसाने समुद्राविषयी बोलावे हे जरा धाडसाचेच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे पवनारची धाम नदी, बोर धरण, फार तर पावसाळ्यात फुगलेली वर्धा. हे पाणी पाहायचे ते काठावरून. लहानपणी डोहाकडे बोट दाखवून आई म्हणायची, "तिकडे जाऊ नको," आणि आम्ही जात नसू. चाळिशी उलटली तरी मला पोहता येत नव्हते, त्याचे मूळ या आज्ञाधारकपणात आहे. मी मराठी शिकवतो. कवितेत डोह आला की त्याची खोली मुलांना रंगवून सांगतो. पण स्वतः मी कमरेएवढ्या पाण्यापलीकडे कधी उतरलो नव्हतो.

अशा माणसाने डिसेंबरच्या सुट्टीत पत्नी आणि मुलगा यांच्यासह मालवण गाठले. किल्ला पाहायचा, मासे खायचे आणि परत यायचे, एवढाच बेत होता. सिंधुदुर्ग किल्ला तुम्हांला चित्रातून ठाऊक आहेच. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे काम सुरू केले. चारी बाजूंनी खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पण आज मला तटाच्या आतले सांगायचे नाही. तटाच्या बाहेर, लाटा जिथे खडकांवर फुटतात तिथे, पाण्याखाली दुसरेच एक गाव वसलेले आहे. ते दाखवायला किनाऱ्यावर बोटवाले उभे असतात. पाटीवर लिहिलेले असते, 'स्नॉर्कलिंग'. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा मोह मला झाला. पण मालवणचे लोक सरळ स्नॉर्कलिंग म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

साधने अगदी साधी. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा, आणि तोंडात धरायची एक वाकडी नळी, जिचे दुसरे टोक पाण्यावर राहते. अंगात तरंगण्यासाठी जाकीट. पालथे पडायचे, तोंड पाण्यात, श्वास नळीतून. बस्स. मुखवटा कशासाठी? आपला डोळा हवेतून पाहण्यासाठी घडलेला आहे. पाणी थेट डोळ्याला लागले की सारे धूसर होते. मध्ये हवेचा थर ठेवला की दिसू लागते. मात्र त्यात एक लबाडी आहे. पाण्यातून काचेवाटे हवेत शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे मासा खऱ्यापेक्षा जवळ आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठा दिसतो. परत येऊन मासे केवढे होते ते हाताने दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवताना एवढे ध्यानात असू द्यावे.

माझ्या मुलाने विचारले, नळी चांगली दहा फूट लांब का करत नाहीत? म्हणजे खोलवर जाता येईल. प्रश्न शहाणपणाचा होता. उत्तर असे की, एका मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा सुमारे १०० ग्रॅम जादा भार पडतो. साऱ्या छातीचा हिशेब केला तर तो क्विंटलात जातो. हवा नळीच्या टोकाशी भरपूर असते, पण छाती फुगवण्याचे बळ आपल्यात उरत नाही. महाभारतात दुर्योधन डोहाच्या तळाशी लपून राहिला, पण त्याने आपल्या मायेने पाणी थिजवले होते. आपल्याकडे ती माया नाही.

ती अडचण सुटली १९४३ मध्ये. कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी असे यंत्र केले की, पाठीवरच्या नळकांड्यातली हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात येते. यालाच स्कुबा म्हणतात. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून त्यात एक नियम सर्वांच्या वर आहे: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून वर आलात, तर तो फुप्फुसात फुगतो आणि फुप्फुस फाटू शकते. कानांचेही तसेच. उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबावी लागते, नाहीतर पडद्याला दुखापत होते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कुबाचे शिक्षण देणारे केंद्र आहे. तिथे हे नीट शिकवतात. अर्ध्या तासात 'डुबकी मारून आणतो' म्हणणारेही किनाऱ्यावर भेटतात. त्यांच्याशी बोलताना, आधी काय काय शिकवणार, हे विचारून घ्यावे.

आता माझी गोष्ट सांगतो. ती फारशी अभिमानाची नाही.

आमचा बोटवाला साठीकडे झुकलेला, काळाभोर, कमी बोलणारा. त्याने आम्हांला तटाच्या मागच्या बाजूला नेले. नांगर त्याने खडकावर न टाकता बाजूला वाळूत टाकला, हे मी पाहिले, पण त्याचे कारण तेव्हा मला कळले नाही. मुलगा बेडकासारखा उतरला. मी बोटीची कड धरून लोंबकळत राहिलो. शेवटी तोंड पाण्यात घातले आणि, काय सांगू, मी विसरलोच की मला भीती वाटते. खाली हिरवट, तपकिरी, जांभळट गोलाकार ढिगारे. त्यांच्यातून पिवळे-काळे पट्टे असलेले मासे असे फिरत होते, जशा आमच्या सराफ लाइनीत दिवाळीच्या संध्याकाळी बाया फिरतात: घाई कोणालाच नाही, पण थांबतही कोणी नाही.

तेवढ्यात एक लाट नळीत शिरली. खारे पाणी घशात गेले. मी हातपाय झाडले आणि तळ शोधला. पायाखाली काहीतरी आले, मी त्यावर उभा राहिलो, आणि ते कुरकुरीत बिस्किटासारखे मोडले. त्या क्षणी मला वाचल्याचा आनंद झाला. वरून बोटवाल्याचा आवाज आला, "मास्तर, पाय वर घेवा. तो दगड न्हय. जिवंत आसा तो."

ते प्रवाळ होते. ज्याला आपण पोवळे म्हणून अंगठीत ओळखतो, त्याचेच हे नातलग. सुईच्या टोकाएवढ्या, फार तर नखाएवढ्या जीवांची ही वसाहत. प्रत्येक जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो आणि त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न शिजवून त्याला देते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उपाशी मरते. ढिगाऱ्यासारखी वाढणारी पुष्कळशी प्रवाळे वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. माझ्या टाचेने जे मोडले ते माझ्या मुलाच्या वयाचे तरी असावे. तुटलेला तुकडा मी वर आणला नाही. आणला असता तर गुन्हा ठरला असता. प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. दुकानात कोणी विकायला ठेवले तरी घेऊ नये, ते याचसाठी.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच म्हातारा मला किनाऱ्यावर रापण ओढताना दिसला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडी ते घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि दोन्ही टोके वाळूवर आणून देते. मग दोन्हीकडे माणसे उभी राहून तास-दोन तास ओढतात. मीही दोर धरला. हातांची सालटी निघाली. जाळ्यात आले ते पेडवे, थोडे बांगडे, आणि बरेचसे शेवाळ. मासळीचे वाटे पडले. मलाही चार बांगडे मिळाले. मी नको म्हटले तर म्हातारा रागावला. दोर धरला त्याचा वाटा असतो.

बांगडे हातात घेऊन मी विचारले, सकाळी मासे पकडता आणि दुपारी मासे दाखवता, हे कसे? तो हसला. पूर्वी नुसत्या रापणीवर घर चालत असे, आता चालत नाही, असे त्याचे म्हणणे. मोठ्या पर्ससीन बोटी थवेच्या थवे घेरून नेतात. रात्री प्रखर दिवे लावून मासे ओढून घेतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली, तरी रापणकरांची तक्रार संपलेली नाही. आणि गंमत पाहा, १९८७ मध्ये मालवणचा हा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला तेव्हा कोळी-गाबितांनी त्याला विरोध केला होता. आपला समुद्र आपल्यालाच बंद होणार, ही भीती. ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. कागदावरची रेषा गरिबाच्या ताटातून जाते, हे आपल्या मेळघाटानेही पाहिले आहे. पण आज त्याच खडकांवरचे मासे जिवंत राहिले तरच दुपारची कमाई आहे. म्हणून हा माणूस नांगर वाळूत टाकतो. सगळे टाकत नाहीत. काही जण पर्यटकांच्या छायाचित्रासाठी पाव कुस्करून टाकतात, मासे गोळा होतात, टाळ्या पडतात. माझे मत विचाराल तर पाव टाकणाऱ्याला आपणच सांगावे, भाऊ, नको. पैसे देणाऱ्याचे तो ऐकतो.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीत किती माणसे घेतात, प्रत्येकाला जाकीट आहे का, हे चढण्याआधी मोजावे; चढल्यावर मोजून उपयोग नाही. जायचे ते दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर. पावसाळ्यात हे सारे बंद असते आणि ते योग्यच आहे.

आणि जाण्याआधी तरंगायला शिकून जावे. मी हे उशिरा शिकलो. परतल्यावर मार्चमध्ये मुलाला घेऊन तरणतलावात नाव घातले. चाळिशीच्या मास्तरला पाहून पोरे हसली. धामेवर जाळे टाकणारे एक ढिवर गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना मी माझी पंचाईत सांगितली. ते म्हणाले, "पाण्यासंगं भांडू नोका, गुरुजी. अंग सोडा." आठ दिवस अंग सुटले नाही. नवव्या दिवशी सुटले. कान पाण्यात बुडाले, वर आभाळ, आणि पाय कुठेच टेकलेले नव्हते.

येत्या डिसेंबरात पुन्हा मालवणला जाणार आहोत. बोटवाल्याला तसा निरोपही धाडला आहे. त्याने उलट विचारले आहे, मास्तर आता पाय वर ठेवतात की नाही?