एकाच शाळेत तीन न्याय



शिक्षकांच्या वेतनाचा विषय निघाला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "एवढा पगार, एवढ्या सुट्ट्या, आणखी काय हवे?" असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर असतो तो वेतन आयोगाचा लाभ मिळालेला कायम शिक्षक. शेजारच्या वर्गात तेच शिकविणारा तरुण मात्र आपल्याला दिसत नाही.

महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षांच्या उमेदवारीसाठी प्राथमिक शिक्षणसेवकास दरमहा ३,०००, माध्यमिक ४,००० आणि उच्च माध्यमिक ५,००० रुपये मानधन ठरले. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६,०००, १८,००० व २०,००० झाले. वाढ स्वागतार्हच आहे. नवख्याची पारख व्हावी, हेही मान्य. परंतु फळा तोच, पुस्तक तेच, परीक्षाही तीच असताना मोबदल्यात एवढी तफावत का? विनाअनुदानित शाळांतील अनेकांनी तर अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहण्यातच उमेदीची वर्षे घालविली.

शिक्षकाने आपल्या कामाचा हिशेब द्यावा, हा समाजाचा आग्रह रास्तच आहे. मात्र हिशेब मागणाऱ्याने स्वतःचे देणे आधी चुकते केलेले असावे. गुरुपौर्णिमेस पुष्पहार घालून ते फिटत नाही. समान कामास समान वेतन, ही मागणी शिक्षक संघटनांवर सोडून चालणार नाही. ती आपण पालकांनी मांडली पाहिजे. कारण त्या वर्गात बसलेली मुले आपली आहेत.