चुकारे आले की

(रेडिओवरील भाषण)

भंडारा जिल्ह्यात हिवाळा लागला म्हणजे खाण्यापिण्याच्या धंद्याला बरे दिवस आले, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. वाटावं असंच सगळं दिसतं. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. लेकीबाळी माहेरी येतात, घरं पाहुण्यांनी भरतात. रात्री दहा-अकराला झाडीपट्टीच्या नाटकाचा पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो, आणि तोवर मंडपाबाहेरची चहाची भट्टी विझत नाही. पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, शाळांची स्नेहसंमेलनं, सव्वीस जानेवारी. साकोली तालुक्यातल्या आपल्या सानगडीसारख्या गावात या दिवसांत कढईला उसंत नसते.

तरीही गावातल्या लहान हॉटेलवाल्याची सगळ्यात जास्त ओढाताण याच दिवसांत होते. आज मला त्याविषयी बोलायचं आहे, आणि ते हॉटेलवाल्यांशी नाही, गिऱ्हाइकांशी.

मी ज्याला हॉटेल म्हणतो ते तुमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. टिनाचं छप्पर, दोन-तीन बाकडी, एक भट्टी. काचेच्या पेटीत आलूबोंडे, समोसे, मिरचीभजे, सकाळी पोहे-तर्री. नवरा भट्टीपाशी, बायको मागच्या बाजूला पीठ भिजवते आहे, कॉलेजातून आलेला मुलगा कपबशा विसळतो आहे. तिघांपैकी कोणालाच वेगळी मजुरी नाही. सांजेला सगळ्यांचं देणं देऊन गल्ल्यात जे उरेल, ती तिघांची मजुरी.

या दिवसांत अडतं कुठे, तर धान कापून, चुरून घरात आलेलं असतं, पण धानाचा पैसा घरात आलेला नसतो. आपला शेतकरी आधारभूत खरेदी केंद्राकडे डोळे लावून असतो. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. भाव जाहीर झाला म्हणून पैसा हाती येत नाही. आधी नोंदणी, सातबारा, मग केंद्र सुरू होण्याची वाट, मग बारदाना, मग काटा. त्यानंतर चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचा पैसा, थेट बँकेच्या खात्यात जमा होतो, आणि त्यात कधी आठवडे जातात, कधी महिने. तोवर गावाचा व्यवहार एका वाक्यावर चालतो: ‘चुकारे आले की देतो, भाऊ.’

हे वाक्य खोटं नसतं. म्हणणारा प्रामाणिक असतो आणि ऐकणाराही ते मनापासून मान्य करतो. भट्टीमागच्या खिळ्याला टांगलेली वही निघते, नाव आणि आकडा लिहिला जातो. पण हॉटेलवाल्याला हेच वाक्य पुढे कोणाला म्हणता येत नाही. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर रोखीनं घ्यावा लागतो. घरगुती सिलिंडरवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे, या सिलिंडरवर 18 टक्के. दूधवाल्याचा हिशेब थांबत नाही. बेसन आणि तेलाचा डबा उधारीवर उचलला, तर दुकानदार रोखीपेक्षा चार पैसे जास्त लावतो, आणि त्यालाही दोष देता येत नाही. म्हणजे आपण हॉटेलात जी उधारी बिनव्याजी ठेवतो, तिचं व्याज तो माणूस दुसरीकडे भरत असतो.

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर, 1 जून 2020 ला, केंद्र सरकारनं फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना सुरू केली. तारण न घेता पहिलं कर्ज तेव्हा 10,000 रुपयांचं होतं. चहाची गाडी, पोह्याचा ठेला पुन्हा उभा करायला तेवढं भांडवल पुरतं, असा त्यामागचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. पण ती योजना शहरातल्या फेरीवाल्यांसाठी आली. आपलं गाव ग्रामपंचायतीचं. गावासाठी 2015 पासून मुद्रा कर्जाची वाट आहे, त्यात ‘शिशु’ गटाला 50,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात; त्यासाठी कागद जमवायचे, बँकेच्या फेऱ्या घालायच्या, आणि जितक्या फेऱ्या तितके दिवस भट्टी बंद ठेवायची.

आता हा हिशेब बघा. एका हॉटेलच्या वहीत वीस जणांची नावं आहेत आणि प्रत्येकाकडे 500 रुपये बाकी आहेत असं धरा. झाले 10,000. शहरातल्या ठेलेवाल्याला सरकारनं सुरुवातीला जेवढं पहिलं कर्ज दिलं, तेवढं भांडवल आपल्या हॉटेलवाल्यानं आपल्याला देऊन ठेवलं आहे. ते त्याला परत मिळालं तर त्याला कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. आणि 500 रुपये म्हणजे पाव क्विंटल धानाच्या किमतीहूनही कमी. चुकारा जमा झाल्याचा मेसेज आला, पैसे काढायला बँकेत गेलात, तर परतताना घरी जाण्याआधी हॉटेलपाशी थांबा आणि वहीतलं आपलं नाव खोडून घ्या. गावच्या हॉटेलसाठी हिवाळ्यात याहून मोठं काम गिऱ्हाइकाला करता येणार नाही, असं माझं मत आहे.

हे मी रोजीनं धान कापणाऱ्या, भारे वाहणाऱ्या माणसाला सांगत नाही. त्याची अडचण खरी आहे आणि हॉटेलवाला ती समजून घेतो. मी सांगतो आहे ते चुकारा मिळालेल्या शेतकऱ्याला, आणि त्याहीपेक्षा पगारदारांना. शाळेत, बँकेत, कार्यालयात नोकरी करणाऱ्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. त्यांनी चहा-नाश्त्याची उधारी ठेवण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. संस्थांचं तर आणखी अवघड. बैठक झाली, चाळीस आलूबोंडे आणि चाळीस चहा गेले, आणि बिल मंजुरीसाठी पडून राहिलं. मोठा केटरर ते सोसू शकतो. दोन बाकड्यांच्या हॉटेलला चाळीस माणसांचा नाश्ता म्हणजे कधी कधी पूर्ण दिवसाचा माल असतो. कार्यक्रम करणाऱ्यांनी निम्मी रक्कम आधी द्यावी आणि निम्मी त्याच दिवशी द्यावी. मंजुरीच्या फेऱ्या संस्थेच्या माणसानं मारायच्या असतात, हॉटेलवाल्यानं नाही.

दुसरी गोष्ट सांगतो, तिला पैसाही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. भंडारा-गोंदियाकडे पारा उतरला की सकाळी आठपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही. हॉटेलवाला मात्र कधीच उठलेला असतो. आणि त्याचा दिवस खरं तर आदल्या रात्रीच ठरलेला असतो. तर्रीचे चणे रात्री भिजत घालावे लागतात. आलू रात्रीच उकडून, सोलून ठेवावे लागतात. दूध किती घ्यायचं ते रात्रीच सांगून ठेवावं लागतं. उद्या पन्नास माणसं येतील की पंधरा, हे त्याला झोपण्यापूर्वी अंदाजानं ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला तर तोटा त्याच्या एकट्याचा. थंडीत पहिला घाणा काढून तासभर झाला की बोंडा गारठतो, मग त्याला कोणी हात लावत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी त्याला सांगा. शेतावर उद्या दहा मजूर आहेत, नाश्ता तुमच्याकडून नेतो. उद्या घरी पाहुणे आहेत, पोहे आठ प्लेटी लागतील. फोन आहे, नाहीतर येताजाता थांबून सांगता येतं. आपल्या त्या एका निरोपानं त्याचा किलोभर आलू वाया जायचा वाचतो. सांगितलं तर मात्र न्यायला जा. सांगून न जाणं हे न सांगण्याहून वाईट.

मंडईतही हेच करता येईल. मंडईच्या दिवशी घरोघरी मटण शिजतं, जेवायला कोणी हॉटेलात जात नाही, आणि ते ठीकच आहे, मंडई पाहुणचारासाठीच असते. पण जिलेबी, भजे, चिवडा घरी येतोच. बाहेरगावची दुकानं त्या दिवशी रांगेनं लागतात, रोषणाई करतात, एका रात्रीत धंदा करून पुढच्या गावच्या मंडईला निघतात. त्यांनीही पोट भरावं, माझी तक्रार नाही. मात्र पाहुण्यांसाठी दोन किलो जिलेबी घ्यायचीच असेल, तर जो माणूस पावसाळ्यात गुडघाभर चिखलातही तुम्हाला चहा पाजत होता, त्याला ती दोन दिवस आधी सांगून ठेवा. बचत गटाच्या बाया मंडईत दुकान लावतात, त्यांच्याकडेही आवर्जून जा.

मंडई, नाटक आणि पट यांचा भरवसा धरून हॉटेल चालत नाही, हे आपण गेल्या दहा-बारा वर्षांत पाहिलं आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शंकरपट बंद झाले. डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं ती कायम केली. मधली सगळी वर्षं पटाच्या मैदानाजवळ चहा-भज्यांचं दुकान लावणाऱ्यांचा तो हंगाम कोरडा गेला. त्यातच 2020 आलं. राज्यातल्या हॉटेलांना 5 ऑक्टोबर 2020 पासून निम्म्या क्षमतेनं उघडायची मुभा मिळाली खरी, पण त्या हिवाळ्यात मंडया आणि नाटकं नेहमीसारखी झाली नाहीत. अशा वेळी हॉटेलचं दार उघडं राहतं ते रोजच्या गिऱ्हाइकामुळे, जो काहीही असलं-नसलं तरी सकाळी येऊन कट चहा घेतो आणि पैसे देऊन जातो.

भावाबद्दलही मोकळेपणानं बोललं पाहिजे. तेल महागलं, बेसन महागलं, सिलिंडर महागला, आणि हॉटेलवाल्यानं बोंड्यामागे दोन रुपये वाढवले की गावभर चर्चा होते. दोन दिवस आपण त्याच्याकडे जात नाही. मग तो काय करतो? भाव पूर्ववत करतो आणि कढईतलं तेल आणखी दोन दिवस चालवतो. तळून तळून खराब झालेलं तेल पोटाला बरं नसतं. कायद्यानंही त्याला मर्यादा आहे, तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही, आणि हा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. हॉटेलवाल्याकडे ते मोजायचं यंत्र नसतं, तो रंग आणि वास बघून ठरवतो. तुम्हालाही रंग दिसतो. ‘भाऊ, तेल बदला, दोन रुपये जास्त घ्या,’ असं एकदा म्हणून बघा. आणि हे त्यालाच सांगा, चौकात नको. चौकात बोललेलं त्याच्यापर्यंत शेवटी पोचतं, तोवर दहा गिऱ्हाईकं तुटलेली असतात.

पार्सल न्यायला घरून डबा न्यावा. वर्तमानपत्राची शाई गरम भज्यांना लागू नये म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं कागदात बांधून द्यायला मनाई केली आहे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. चांगलं पॅकिंग महाग पडतं. तुमच्या स्टीलच्या डब्यानं त्याचा तो खर्च वाचतो आणि तर्री गरम राहते.

नागपूरकडचे श्रोतेही ऐकत असतील. हिवाळ्यात तुम्ही नवेगावबांधच्या तळ्यावर पक्षी बघायला येता, नागझिऱ्याला जंगल बघायला येता. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून या वाटेला लागलेले कितीतरी आहेत. सानगडी त्या तळ्यापासून लांब नाही, आणि गावात जुना किल्लाही आहे. महामार्गावरच्या मोठ्या ढाब्यावर जेवून पुढे जाण्याऐवजी एक जेवण इकडच्या खानावळीत घ्या. पोचण्याच्या काही तास आधी फोन करा, कारण इथे सगळं तयार करून ठेवलेलं नसतं, तुमच्यासाठी शिजतं. आणि पनीर मागू नका. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याचा भात मागा. तळ्यातली मासोळी मागा. लाखोरीच्या डाळीचे वडे मिळतात का विचारा, या दिवसांत मिळणारे शिंगाडे विकत घ्या. हा माल गावातच पिकतो, तळ्यातच निघतो. त्यामुळे तुमच्या ताटाचे पैसे हॉटेलवाल्यापाशी थांबत नाहीत, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी जातात, धान पिकवणाऱ्याच्या घरी जातात.

खरी कसोटी संक्रांतीनंतर लागते. धानाचं काम संपलेलं असतं, कामाच्या शोधात बरीच माणसं बाहेरगावी निघून जातात, मंडया आटोपलेल्या असतात. दुपारी बाकडी रिकामी पडतात. त्याच दिवसांत शाळांची संमेलनं, भागवत सप्ताह, साक्षगंध, लग्नाच्या बोलण्या असतात. तिथला चहा-नाश्ता तालुक्याहून मागवण्याआधी गावात विचारा. शंभर माणसांचं एका हॉटेलला झेपणार नसेल तर दोघांत वाटून द्या. एकाकडे पोहे, दुसऱ्याकडे जिलेबी आणि चहा. ग्रामपंचायतीनं आणि शाळांनी सव्वीस जानेवारीपासूनच ही सुरुवात करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आणि ज्यांच्या खात्यात या आठवड्यात चुकारा जमा झाला आहे, त्यांनी उद्या सकाळी चहाला जाताना सोबत वहीचे पैसे घेऊन जावेत.