माळढोकाच्या नावानं आलेला पैसा

राज्यभरातून आलेले पक्षी-अभ्यासक, नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी या गावांतून हातातली कामं टाकून आलेले शेतकरी बांधव, आणि मेंढरं घरच्यांच्या हवाली करून खास या परिषदेसाठी थांबलेले मेंढपाळ पाहुणे,

सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करतो. ऊन कडक आहे, पण सोलापूरकर पाहुण्याला उन्हात उभं ठेवत नाही. दोन दिवस ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, पोटभर जेवा. उद्या पहाटे नान्नजला जायचं आहे, तेव्हा रात्री गप्पा थोड्या आवरत्या घ्या.

संकटग्रस्त जीव आणि त्यांच्या अधिवासासाठी मिळणारं सरकारी अनुदान हा या परिषदेचा विषय. ती सोलापुरात व्हावी असा आग्रह आम्ही धरला, कारण अनुदानानं काय साधतं आणि काय बिघडतं, ही दोन्ही उदाहरणं एकाच माळावर उभं राहून दाखवता येतील अशी ही जागा आहे.

नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आहेत, इकडे सत्तरच्या दशकात लक्ष वेधलं ते बी. एस. कुलकर्णी या शिक्षकांनी. 1979 साली अभयारण्य जाहीर झालं. त्यानंतर ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीनं डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी इथं आले. माळावर लपणं बांधून त्यांनी या पक्ष्याचं जगणं टिपलं. त्या अभ्यासाला अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचं, म्हणजे तिथल्या सरकारी खात्याचं, अर्थसाहाय्य होतं. त्यातून आपल्याला पक्कं ज्ञान मिळालं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालते. नराला नाचायला उंचवट्याची मोकळी जागा लागते. नाकतोडे, भुंगेरे टिपायला हा पक्षी ज्वारी-भुईमुगाच्या रानात उतरतो. म्हणजे त्याला गवत हवं, कोरडवाहू शेती हवी आणि दूरवर नजर पोचेल असं मोकळं रान हवं. दाट झाडी त्याला नको. अनुदान सत्कारणी लागणं म्हणतात ते हे. त्या पैशानं इमारत उभी राहिली नाही, पण पुढच्या सगळ्या कामाचा पाया घातला गेला.

दुसरं उदाहरणही याच माळावर आहे. त्या काळात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाचा पैसा जिल्ह्यात आला. दुष्काळी मुलूख हिरवा करायचा, ही त्यामागची भावना चांगलीच होती. पण हिरवं म्हणजे झाड, एवढाच हिशेब धरला गेला. माळावर चर खणले आणि गिरिपुष्पासारखी झाडं लावली. पवन्या, मारवेल, कुसळी ही इथली गवतं पाच-साडेपाचशे मिलिमीटर पावसात जोमानं वाढतात, मेंढरं पोसतात आणि माती धरून ठेवतात. सरकारी नकाशांत मात्र अशा माळांची गणना पडीक जमिनीत होते, आणि पडीक म्हटलं की कुणीही काहीही करायला मोकळा. कर्नाटकात राणीबेन्नूरच्या अभयारण्यात निलगिरी वाढली आणि तिथून माळढोक गेला. हे ठाऊक असूनही माळावर झाडं लावण्याचा सोस अजून सुटलेला नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

आता शेतकऱ्यांच्या बाजूचं बोलतो, कारण या व्यासपीठावरून ते बोललंच पाहिजे. 1979 च्या अधिसूचनेनं 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्यात घेतलं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, शिवाय नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे इथली शेकडो गावं, पिकती शेतं, वस्त्या त्यात आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, विकासाची कामं रखडली. इतक्या कुटुंबांवर बंधनं आली, पण त्या बंधनांची भरपाई म्हणून त्यांच्या हाती काही पडलं नाही. लेकीच्या लग्नासाठी स्वतःचं वावर विकता येईना तेव्हा शेतकऱ्यानं दोष पक्ष्याला दिला. त्यात त्याचं काय चुकलं? पुढे क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर तीस वर्षांचा कडवटपणा साचला होता. मध्य प्रदेशात करेराला हेच घडलं. खासगी जमिनीवर अभयारण्य आलं, लोक विरोधात गेले आणि नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. आमच्याकडेही आता क्वचित एखादा दिसल्याची नोंद होते. ज्या नान्नजनं नानासाहेब काळ्यांच्या हातून देशाला सोनाका द्राक्ष दिलं, त्या गावच्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून बाजूला सारणं कुणालाही शोभणार नाही.

आज पैशाची वाट कशी आहे? केंद्राची वन्यजीव अधिवासांच्या एकात्मिक विकासाची योजना आहे. तिच्यात अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवनाचा स्वतंत्र भाग आहे. हिमबिबट्या, गिधाडं, सागरी कासवं, रानम्हैस, स्याहगोश अशा बावीस नावांच्या यादीत माळढोक आहे. महाराष्ट्रासाठी केंद्र साठ टक्के देतं, राज्यानं चाळीस घालायचे. वार्षिक आराखडा जातो, मंजुरी येते, पहिला हप्ता येतो, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं की दुसरा. कागदावर सगळं ठीक आहे. पण माळावर गवताचं बी पावसाआधी पडावं लागतं आणि विणीचा हंगामही पावसाळ्यातच असतो. निधी हिवाळ्यात हाती आला आणि मार्चअखेर संपवायचा असला, तर त्यातून कुंपण होतं, मनोरा होतो, फलक होतो. गवत होत नाही.

दुसरी वाट कॅम्पाची. वनजमीन प्रकल्पांना दिली की त्याच्या मोबदल्यात जमणारा हा निधी. 2019 मध्ये त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला 3,844 कोटी रुपये आले. याच कॅम्पातून माळढोकाच्या प्रजनन प्रकल्पासाठी केंद्रानं 33 कोटी 85 लाख मंजूर केले. भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थान वनखातं यांनी जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा इथं अंडी उबवून पिल्लं वाढवली. 2024 साली कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. देशात मोकळ्या रानात दीडशेही माळढोक उरलेले नसताना या शास्त्रज्ञांनी जे केलं, त्याला मी इथून हात जोडतो. पण ही पिल्लं उद्या सोडायची कुठं? विजेच्या तारांनी वेढलेल्या, झाडं लावून बुजवलेल्या माळावर? समोरचं नीट दिसत नसल्यानं हा जड पक्षी तारेला धडकून मरतो, म्हणून तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पिल्लं तयार करण्याचं काम जैसलमेरनं केलं. माळ तयार ठेवण्याचं काम आपलं आहे.

ते काम माळावर राहणाऱ्या माणसांशिवाय होणार नाही, हे आज मला सांगायचं आहे. अनुदानाचा मोठा वाटा त्यांच्या हाती थेट जावा. पावसाळ्यात जो शेतकरी आपलं पड रान नांगरत नाही, ज्वारीवर विषारी फवारणी करत नाही, त्याला एकरी मोबदला द्या. विणीच्या महिन्यांत ठरलेल्या पट्ट्यात मेंढरं न घालणाऱ्या मेंढपाळाला चारा द्या. लांडग्यानं कोकरू नेलं तर पंचनामा त्याच्या वाड्यावर, त्याचा तळ हलण्याआधी करा. याला फार पैसा लागत नाही. आहे तो पैसा वेगळ्या माणसाच्या खात्यावर टाकावा लागतो.

ठराव समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. उद्या संध्याकाळी मसुदा लिहाल तेव्हा गोलमोल शब्द टाळा. माळढोकाच्या नावानं आलेल्या पैशातून माळावर एकही झाड लावलं जाणार नाही, असं लिहा. पहिला हप्ता मे महिन्याच्या आत वनपरिक्षेत्रापर्यंत पोचावा, असं लिहा. आणि वार्षिक आराखड्यावर वनाधिकाऱ्याबरोबर गावच्या शेतकऱ्याची आणि मेंढपाळाची सही असावी, हेही लिहा. स्वागत समिती तो ठराव घेऊन मंत्रालयात जाईल. आपणही आमच्याबरोबर चला.