घड्याळाबरोबर चालणारं गाव

व्हिडिओ गेम म्हटलं की मारामारी आणि शर्यती डोळ्यांसमोर येतात. पण हार-जीत बाजूला ठेवून नुसतं राहायचं, असेही खेळ असतात. त्यांतला मला सर्वांत आगळा वाटतो तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’. जपानमध्ये तो 2001 साली आला. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, कात्सुया एगुची, नोकरीसाठी चिबाहून क्योतोला आले, आणि घरचे, मित्र मागे राहिले. त्या एकटेपणातून या खेळाची कल्पना सुचली.

खेळातल्या गावात आपले शेजारी म्हणजे बोलणारे प्राणी. गावातलं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालतं. याच मालिकेतल्या 2020 च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये रात्री 10 वाजता दुकान बंद होतं. रविवारी सकाळी शलगम विकत घ्यायचे, आठवडाभर भावावर नजर ठेवून विकायचे. पुढच्या रविवारी उरलेले कुजलेच म्हणून समजा! बरेच दिवस फिरकला नाहीत, तर जागोजागी तण माजतं आणि शेजारी विचारतात, होतात कुठे?

असे खेळ निवडताना जाहिरातीवर जाऊ नका. कुणीतरी खेळत असतानाचा व्हिडिओ थोडा वेळ बघा. खेळातला एक साधा दिवस कसा जातो ते कळलं, की आपण त्यात रमू का, हेही कळतं. शेतीची आवड असेल, तर 2016 मधला ‘स्टारड्यू व्हॅली’ जरूर बघा. त्याची चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं एरिक बॅरोन या एकट्या माणसानं केलं. तो मोबाइलवरही चालतो, त्यामुळे वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही.