पांढरीवरची माणसं

(शताब्दी सोहळ्यात श्रीपूर मुक्कामी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही कीर्तनकार नाही. जुन्या दगड-खापरांच्या नादी लागलेला माणूस. म्हणून आज ओसाड गावांविषयी बोलतो.

पिकाच्या जमिनीला आपण काळी म्हणतो आणि गाव वसतं त्या जागेला पांढरी. मातीच्या भिंती पडायच्या, त्यावरच नवं घर उठायचं. चुलीची राख, शेण, केर तिथंच जिरायचा. शेकडो वर्षांत त्याचं टेकाड होतं. गाव उठून गेलं तरी टेकाड राहतं. जुन्या दप्तरात अशा गावाला 'बेचिराख' म्हणत. मूळ फारसी शब्द बे-चिराग, म्हणजे सांजेला जिथं दिवा लागत नाही ते गाव. राख आपण मागनं जोडली.

गावं उठली ती पुरानं, रोगानं, लष्कराच्या धाडीनं, आणि दुष्काळानं तर फारच. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको गेली, मुलगा गेला. ज्यांची पालखी अकलूज, माळीनगर करत बोरगावला जाते, त्यांच्या घरची ही गोष्ट. तुकोबांची आठवण राहिली. पण ज्या घरात सांगायलाही कुणी उरलं नाही, त्यांचं काय राहिलं? खापरं, फुटकं जातं, बांगडीचे तुकडे.

नेवाशाला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली हे सगळ्यांना ठाऊक. तिथंच प्रवरेकाठी लाडमोड टेकडी आहे. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी तिथं उत्खनन केलं. वरच्या थरांत मध्ययुगातल्या वस्तीच्या खुणा, काचेच्या बांगड्या; त्याखाली सातवाहनांचा काळ; आणखी खाली तांब्या-दगडाची हत्यारं वापरणारे शेतकरी. थरावर थर, पोथीच्या पानांसारखे. म्हणून खालचं-वरचं एक झालं की वाचायचं काही राहत नाही.

गोरोबाकाकांच्या तेरला लोक पांढरी माती खणून न्यायचे. कुणी शेताला खत म्हणून, कुणी माळवदावर टाकायला. त्यात मणी, मातीच्या मूर्ती निघायच्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जन्मभर गोळा केल्या, म्हणून आज तेरला वस्तुसंग्रहालय आहे. पण दर टेकाडाला लामतुरे कुठून आणायचे? आता तर फावड्याच्या जागी जेसीबी आलाय. दोन दिवसांत टेकाड सपाट, पावसाळ्यात ऊस.

पांढरीच्या कडेला बहुधा वीरगळ असतो. कुठं त्याला शेंदूर लागतो, कुठं त्यावर धुणं आपटतात. तो खालून वर वाचायचा. तळाला पडलेला वीर. शेजारी गाई असल्या तर जनावरं सोडवताना गेला असं समजायचं. मग लढाई, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, शेवटी पिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही हे वाचता यायचं. म्हणून हात जोडून सांगतो, त्याला ऑइल पेंट फासू नका, उचलून देवळाच्या पायरीला लावू नका. जमिनीत नाणी-दागिने सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा 1878 पासून कायदा आहे.

प्रसाद झाल्यावर जाणत्या मंडळींनी जरा थांबावं. शिवारात घर एक नाही, पण नाव मात्र गावाचं, अशा जागा तुम्हालाच ठाऊक. वही आणलीय, एकेकानं सांगा.