राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील आपले मत
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेले भाषण)



याच शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मी विचारले होते, "राष्ट्रपती निवडताना माझ्या आईवडिलांना मत का नाही?" गुरुजी म्हणाले, "मत आहे. ते कोठे आहे, ते तू शोध." त्या शोधाचे फलित आज आपल्यापुढे ठेवतो.

घटनेच्या ५४व्या कलमानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य राष्ट्रपतींची निवड करतात. नामनिर्देशित सदस्यांना हा अधिकार नाही. घटना समितीत के. टी. शाह यांनी प्रत्यक्ष निवडणुकीचा आग्रह धरला होता. परंतु खरी सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती असताना साऱ्या देशाचा थेट कौल घेऊन आलेला राष्ट्रपती हे विसंगतच ठरले असते.

येथे प्रत्येक मताला मूल्य असते. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने आणि पुन्हा एक हजाराने भागले, की आमदाराच्या मताचे मूल्य मिळते. उत्तर प्रदेशात ते २०८, महाराष्ट्रात १७५, आपल्या मध्य प्रदेशात १३१, तर सिक्कीममध्ये ७ आहे. सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज निर्वाचित खासदारांच्या संख्येने भागली, की खासदाराच्या मताचे मूल्य निघते. २०२२ साली ते ७०० होते. अशा रीतीने राज्ये आणि संसद यांचे पारडे समतोल राहते.

मतदान गुप्त असते आणि मतदार उमेदवारांचा पसंतीक्रम लिहितो. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास तळाचे उमेदवार एकेक करून बाद होतात व त्यांची मते पुढील पसंतीप्रमाणे वाटली जातात. १९६९ साली हेच घडले. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. फेरवाटपात रेड्डींना गिरींपेक्षा कितीतरी अधिक मते मिळाली. तरीही अखेर ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने गिरी विजयी झाले. चिंतामणराव पराभूत झाले, पण त्यांना मत देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही. दुसऱ्या पसंतीच्या रूपाने ते निकालात उतरले.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळतो. मतमूल्यासाठी आजही १९७१ च्या जनगणनेची लोकसंख्या धरतात; लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, हा त्यामागील हेतू. त्या वर्षी इंदुरात राहणारी आपली वडीलधारी मंडळी महाराष्ट्राच्या १७५ मध्ये नाहीत. ती मध्य प्रदेशाच्या १३१ मध्ये आहेत. प्रगणकाने त्यांची मातृभाषा मराठी लिहिली असेल; पण या भागाकारात भाषा येत नाही, केवळ माणूस येतो.

आपल्यापैकी काहीजण विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी म्हणतात, "येथील राजकारणाशी आपला काय संबंध?" मित्रहो, त्या दिवशी आपण राष्ट्रपतींचा मतदार निवडत असतो. घरी बसणारा माणूसही त्या १३१ मध्ये मोजला जातोच. फक्त ते मत कोणाच्या हाती द्यायचे, हे त्याच्यावाचून ठरते.

गुरुजी, आईवडिलांचे मत सापडले. ते येथेच होते.