रुग्णालयापासून उंबरठ्यापर्यंत

पनवेल हे पूर्वीपासून वाटेवरचे गाव. घाटावरून उतरलेला माल येथील खाडीतून मुंबईस जाई आणि मुंबईचा माल येथूनच घाट चढे. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग, गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि कोकणात उतरणारा लोहमार्ग यांमुळे गावाचा हा वाटेवरचा संसार आजही मोडलेला नाही. आरोग्याच्या प्रश्नाशीही या गावाचे नाते जुने आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची. आणि १८७२ साली निघालेल्या धूतपापेश्वर कारखान्याने आयुर्वेदीय औषधांच्या बाटल्यांबरोबर पनवेलचे नाव महाराष्ट्रात दूरवर नेले. अशा या गावात, किंवा भोवतालच्या तालुक्यात, एखादे माणूस अंथरुणास खिळले तर त्याचा भार कोणी व कोठवर उचलावयाचा, एवढ्या एकाच प्रश्नाचा माग काढला तरी सबंध देशाच्या आरोग्यव्यवस्थेची घडण ध्यानात येते.

त्यासाठी एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे उभे करावे. प्रबळगडाच्या पायथ्याशी एका ठाकूरवाडीत ५५ वर्षांचा एक गृहस्थ राहतो. पावसाळ्यात थोडी भातशेती आणि एरवी नवरा-बायकोची मजुरी, यावर घर चालते. एके दिवशी पहाटे त्याचा उजवा हात व पाय लुळा पडतो आणि जीभ जड होते. वाडीवरची आशा स्वयंसेविका धावत येते, १०८ या क्रमांकावर दूरध्वनी होतो, आणि रुग्णवाहिका त्यास घेऊन डांबरी सडकेला लागते. त्या क्षणी एक फार मोठे यंत्र हलू लागते. त्या यंत्राची कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे.

१९४३ साली हिंदुस्थान सरकारने आरोग्याच्या पाहणीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. त्यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या या समितीच्या अहवालात दोन तत्त्वे पायाभूत धरली होती. पहिले हे की, पैसे नाहीत एवढ्याच कारणाने कोणीही मनुष्य योग्य उपचारास मुकता कामा नये. दुसरे हे की, रोग होऊ न देण्याचे काम आणि झालेला रोग बरा करण्याचे काम ही दोन वेगळी खाती नसून प्रत्येक पायरीवर ती एकाच कारभाराखाली नांदली पाहिजेत. तूर्त ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र उघडावे, अशी समितीची सूचना होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून समूहविकास योजनेबरोबर अशी केंद्रे निघू लागली.

आजच्या मापाप्रमाणे सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावे; त्याच क्रमाने ३०,००० व २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे; आणि त्यांच्या वर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशा पायऱ्या असाव्यात. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने या शिडीच्या तळाशी आशा स्वयंसेविकेची आणखी एक पायरी बसविली. पनवेल तालुक्यात नेरे, वावंजे, गव्हाण, आपटे अशा गावी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, पनवेल शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागेस आहे. कागदावर ही शिडी सरळ व सुबक दिसते.

तथापि शिडीच्या पायऱ्यांचे धनी निरनिराळे आहेत, ही गोष्ट नकाशावरून उमगत नाही. राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यांच्या सूचीत घातला. केंद्राने धोरण आखावे, योजनांस पैसा द्यावा. राबविण्याचे काम राज्याचे. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, आणि उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे सोपविली गेली. उपजिल्हा रुग्णालय मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अमलाखालचे. पनवेल शहर, खारघर, कामोठे, कळंबोली या वस्त्यांसाठी २०१६ साली महानगरपालिका स्थापन झाली. तेथील नागरी आरोग्याचा भार तिच्यावर. तळोज्याच्या कारखान्यातील विमाधारक कामगार आजारी पडला तर त्याची वाट १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या कामगार राज्य विमा योजनेकडे जाते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तर के. ई. एम. रुग्णालय मुंबई महानगरपालिकेचे. याखेरीज खाजगी दवाखाने आणि इस्पितळे आहेतच, आणि शहरातील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांची पहिली धाव त्यांच्याकडेच असते.

आता त्या वाडीवरच्या गृहस्थाकडे वळावे. रक्ताची गुठळी मेंदूत अडकून अर्धांगाचा झटका आला असेल, तर ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि त्याआधी मेंदूचे सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव झालेला नाही, अशी खात्री करून घ्यावी लागते. अशा रोग्यास एकेक पायरी चढत जाण्यास अवसर नसतो. शिवाय शिडी त्यास अलिबागेकडे बोट दाखविते. अलिबाग पनवेलपासून ६० किलोमीटरांहून दूर; मुंबई त्यापेक्षा जवळ. म्हणून रोगी सहसा शिडीने न जाता सडकेने जातो, आणि दुसऱ्याच एखाद्या धन्याच्या दारी पोहोचतो.

तरीही गेल्या काही वर्षांत या दारांशी होणारी पैशाची अडवणूक कमी झाली आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. २०१२ साली राज्याने जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते, आणि तिच्यात सामील झालेल्या खाजगी रुग्णालयांतही ठरावीक मोठे उपचार रोग्यास विनामूल्य मिळू शकतात. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारही विनामूल्य झाले. भोर समितीचे पहिले तत्त्व पूर्णपणे साधले असे नव्हे. परंतु त्या दिशेने पाऊल पडले आहे.

खरी परीक्षा याच्या पुढे आहे. समजा, योग्य उपचार मिळून त्या गृहस्थाचा प्राण वाचला आणि दहाव्या दिवशी त्यास घरी पाठविण्यात आले. हातात एक कागद, औषधांची पुडकी आणि व्यायाम चालू ठेवण्याचा उपदेश. रुग्णालयाच्या लेखी तो बरा होऊन गेलेला रोगी. वाडीच्या लेखी तो उठून बसू न शकणारा माणूस. त्याची कूस बदलणे, त्यास न्हाऊ घालणे, घास भरविणे, लुळ्या अवयवांस रोज हालचाल देणे, हे सारे कोणी करावयाचे? ते त्याची बायको करते. त्यासाठी ती मजुरी सोडते. एका झटक्याने घरातील दोन्ही मिळकती बंद पडतात. विनामूल्य उपचारांच्या हिशेबात हा खर्च कोठेही धरलेला नसतो.

साहाय्याची सोय कायद्यात मुळीच नाही, असे नाही. वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे राज्यघटनेचे ४१ वे कलम सांगते. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. परंतु तिचा अर्ज तहसील कचेरीत करावयाचा, अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातून आणावयाचा, आणि उत्पन्नाचा दाखला पुन्हा महसूल खात्याकडून घ्यावयाचा. लुळा पडलेला मनुष्य स्वतः चालून आल्याखेरीज त्याच्या लुळेपणाचा पुरावा जमत नाही, अशी ही गंमत आहे. मात्र ती हसण्याजोगी नाही. उपचार एका खात्याचा, अनुदान दुसऱ्या खात्याचे, आणि शुश्रूषा कोणत्याच खात्याची नव्हे.

श्रीमंत देशांतही ही फट बुजलेली नाही. इंग्लंडात ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि वैद्यकीय उपचार सर्वांना विनामूल्य झाले. त्याच दिवशी दुसराही एक कायदा अमलात आला. त्याने वृद्ध व पंगू यांच्या निवासाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, आणि त्यासाठी राहणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे घेण्याची तरतूद केली. एकाच दिवशी दोन दरवाजे बांधले गेले. रुग्णालयातील खाट रिकामी व्हावयाची, पण घरी सांभाळणारे कोणी नाही म्हणून म्हाताऱ्यास पाठविता येत नाही, ही तक्रार तेथे आजतागायत ऐकू येते. उत्तर आयर्लंडने १९७३ पासून आरोग्य आणि समाजसेवा एकाच कारभाराखाली आणल्या. त्याने सर्व दुःखे सरली नाहीत; पण रोग्याचे घर ही व्यवस्थेचीच एक पायरी आहे, एवढे तेथे मान्य झाले.

हा धडा शिकण्यास पनवेलकरांना आयर्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोग्यास घरातून आणि गावातून बाहेर काढण्यात येई, त्या काळी हे काम उभे राहिले. १९८० नंतरच्या दशकात आलेल्या संयुक्त औषधयोजनेने या रोगाचे जंतू निश्चितपणे मारता येऊ लागले. परंतु झडलेली बोटे, गेलेला रोजगार आणि तुटलेले घर औषधाने परत येत नाही. त्यासाठी निवारा, काम आणि माणसांची सोबत लागते. रोग बरा होणे आणि रोगी बरा होणे यांतील अंतर शांतिवनासारख्या संस्थांनी सरकारच्या फार आधी ओळखले. दयाळू माणसांनी चालविलेली संस्था एका ठिकाणी असते. वाड्या मात्र सगळीकडे असतात.

केरळ राज्याने या बाबतीत एक वाट दाखविली आहे. तेथे २००८ साली परिहारक सेवेचे धोरण ठरले आणि अंथरुणास खिळलेल्या रोग्यांच्या घरी परिचारिका पाठविण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांनी अंगावर घेतले. तिच्या जोडीला गावातील स्वयंसेवक जातात. अशा भेटीत मोठी शस्त्रक्रिया होत नाही. जखम धुतली जाते, नळी बदलली जाते, आणि सांभाळणाऱ्या बाईस घटकाभर बसावयास मिळते.

खारघर किंवा नवीन पनवेल येथील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबांस हा प्रश्न दूरच्या वाडीचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो त्यांच्याही घरात येऊन बसला आहे. मुलगा परदेशी, सून नोकरीस, आणि आजोबांचे मांडीचे हाड मोडलेले, अशी घरे आता विरळा नाहीत. त्यांना पगारी मदतनीस ठेवता येतो, एवढाच फरक. पैसा संपला, किंवा मदतनीस न सांगता निघून गेला, म्हणजे तोही फरक उरत नाही.

भोर समितीने रोगाचा प्रतिबंध आणि उपचार यांची गाठ घालावयास सांगितले होते. तीच गाठ आता उपचार आणि शुश्रूषा यांच्यात घालावयाची आहे, आणि तिचा आरंभ लहानच गोष्टींनी होऊ शकतो. रोगी घरी धाडताना त्याच्या कागदाची एक प्रत नेऱ्याच्या आरोग्य केंद्राकडे त्याच दिवशी जावी. आठवड्याच्या आत उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेची भेट त्याच्या घरी व्हावी. अपंगत्वाचा दाखला आणि अनुदानाचा अर्ज ही कामे खाटेजवळच पुरी व्हावीत. तहसील कचेरीचे दार त्या बाईने शोधीत बसू नये. लुळ्या हातास व्यायाम कसा द्यावयाचा, हे तिला घरी जाण्यापूर्वी कोणी तरी दोन वेळा करून दाखवावे. यांपैकी एकाही कामास नवी इमारत लागत नाही. निरनिराळ्या धन्यांनी एकमेकांशी बोलण्याची तेवढी गरज आहे.

तसे झाले तर सहा महिन्यांनी तो गृहस्थ कदाचित काठी टेकीत वाडीच्या पारापर्यंत येईल, आणि त्याची बायको पुन्हा कामावर जाऊ लागेल. व्यवस्थेच्या वहीत नोंदावयाची गोष्ट ती आहे.